एक मीटर वीस सेंटिमीटरचं बांधकाम

नाही, पण मला एक सांगा, फॉर्मात रकानाच नसेल तर माणसाने लिहायचं कुठे? समासात? समासातलं कॉम्प्युटर वाचत नाही. आणि वर साहेब मलाच म्हणतात, "तुमचं निरीक्षण कच्चं आहे." अहो, अकरा वर्षं मी दुसरं करतोय काय? लोकांच्या गच्च्याच बघतोय ना? बायकोचा चेहरा मी एवढा निरखून बघितला नसेल, असं तीच म्हणते, आणि खोटं बोलत नाही.

तुम्हाला सांगतो, काम ऐकायला फार सोपं आहे. कुणाला गच्चीवर सोलर बसवायचं असलं की आधी मी जायचं. जिना चढायचा, टेप लावायचा, कुठली सावली कुठे पडते ते बघायचं. पाण्याची टाकी, शेजाऱ्याची भिंत, डिशची छत्री, एखादं झाड. सोलरच्या पॅनेलवर तळहाताएवढी सावली पडली तरी त्याला चालत नाही, लगेच वीज कमी. तेव्हा नऊला एक फोटो, बाराला एक, तीनला एक, आणि सगळं मोबाइलमधल्या फॉर्मात भरायचं. हुद्दा म्हणाल तर छत निरीक्षक. ऑफिसात मला सावलीवाला म्हणतात. म्हणू देत.

तर त्या फॉर्मात शेवटचा रकाना आहे, 'गच्चीची सद्यःस्थिती'. पर्याय दोन. 'रिकामी' किंवा 'बांधकाम आहे'. तिसरा नाही. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं? अहो, तुम्ही कधी दुसऱ्याच्या गच्चीवर गेलाय का? मी गेलोय, तीन-साडेतीन हजार गच्च्यांवर, आणि रिकामी गच्ची मला अजून बघायची आहे.

एका गच्चीवर एक निवृत्त हिशेबनीस ट्रम्पेट शिकत होते. घरच्यांनी वर हाकललं होतं, शेजाऱ्यांनी खाली हाकलायचं चालवलं होतं, मधल्या जिन्यात त्यांचा मुक्काम. मला म्हणाले, "पॅनेलं आली की मी कुठे वाजवू?" म्हटलं, काका, हा प्रश्न फॉर्मात नाही. एका गच्चीवर एक मुलगी दोन टाक्यांच्या मधल्या फटीत बसून परीक्षेचा अभ्यास करायची, टाकीवर खडूने गणितं लिहिलेली, वरपासून खालपर्यंत. एका घरची बाई तर मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, आम्ही दोघं इथे येऊन भांडतो. खाली मुलं ऐकतात. ही जागा गेली तर आम्ही भांडायचं कुठे?" तिचा नवरा मागे उभा, मान डोलावतोय. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि म्हणे एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. आता मी काय करू सांगा? भांडण हे बांधकाम आहे का? नाही. मग? मला काही वाटलं नाही. लिहून टाकलं, गच्ची रिकामी.

आधी वाटायचं हो. पहिल्या वर्षी त्या ट्रम्पेटवाल्यांसाठी मी अर्धा तास साहेबांशी हुज्जत घातली होती. पण काम वाढत गेलं ना... सुरुवातीला आठवड्याला दोन गच्च्या असायच्या. मग दिवसाला दोन झाल्या, मग दिवसाला सात. ऑफिसात भिंतीवर राज्याचा नकाशा लावला, जिल्ह्याजिल्ह्याला रंग दिले. मागे पडला तो लाल, पुढे गेला तो हिरवा, आणि आम्ही कायम पिवळे. साहेब रोज सकाळी त्या नकाशासमोर उभे राहतात, डॉक्टर एक्स-रेसमोर राहतात तसे, आणि म्हणतात, "शेजारचा जिल्हा बघा. शेजारचा जिल्हा झोपत नाही." शाळांवर पॅनेलं आली, दवाखान्यांवर आली, बसस्टँडवर, बाजाराच्या छपरावर, गोठ्यांवर, तुरुंगावर. तुरुंगाचं निरीक्षण मीच केलं. तिथली गच्ची मात्र बऱ्यापैकी रिकामी होती.

स्मशानातल्या शेडवरसुद्धा मीच केलं. फॉर्मात विचारतात, 'लाभार्थी दिवसाचे किती तास जागेवर असतो?' घ्या. काय लिहू? लिहिलं, चोवीस.

आणि मग आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तिला तिथेच नेलं, त्याच शेडखाली. सगळे रडत होते. बहीण रडत होती, बायको रडत होती, ज्यांना आईने आयुष्यात धड चहा दिला नाही तेही रडत होते. आणि मी, तुम्हाला सांगतो, मी वर बघत होतो. तिसऱ्या रांगेचा कोन दोन अंशांनी चुकला होता. मनात म्हटलं, बसवणाऱ्याने पान्याने नट नीट आवळलेला नाही. एवढंच. दुसरं काही आलंच नाही मनात. घरी आलो, जेवलो, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी पाच गच्च्या केल्या. पाचही रिकाम्या लिहिल्या. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला चावला तरी कळत नाही, तसं. फक्त ते दोन तासांत उतरतं म्हणे.

बाबांचं वेगळं. आई गेल्यावर दहाएक दिवसांनी त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि गच्चीवर गेले. सकाळी नऊला वर, संध्याकाळी पाचला खाली. रोज. बायको दुपारचं जेवण वर नेऊन देते. पुस्तक नाही, रेडिओ नाही, फोन नाही. उन्हात बसायचं. मी एकदा जिन्यातून विचारलं, "बाबा, वर काय करता?" ते म्हणाले, "बसतो." उत्तर बरोबर होतं. मी कामाला गेलो.

आणि अशात ते परिपत्रक आलं. या खात्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने आधी स्वतःच्या घरावर सोलर बसवावं, नाहीतर लोकांना काय तोंडाने सांगता? बरोबरच आहे म्हणा. साहेबांनी यादी काढली, माझं नाव पहिलं. आता स्वतःच्या गच्चीचं निरीक्षण स्वतः करता येत नाही, नियम आहे. तेव्हा माझ्या घरी आमचा दुसरा निरीक्षक आला. त्याला आम्ही मिलिमीटर म्हणतो. का ते कळेलच. हा माणूस स्वतःच्या लग्नात मांडव तिरका आहे म्हणून अर्धा तास बाहेर उभा होता.

मिलिमीटरने नऊला फोटो काढला, बाराला काढला, तीनला काढला. तिन्ही फोटोंत बाबा. तीच खुर्ची, तेच बसणं, तोच हात मांडीवर. फक्त त्यांची सावली घड्याळाच्या काट्यासारखी डावीकडून उजवीकडे सरकलेली. मी त्याला विचारलं, "अरे, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगायचं ना?" तो म्हणाला, "सांगितलं. म्हटलं, काका, जरा बाजूला होता का? ते म्हणाले, 'हो.' आणि बसूनच राहिले. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा 'हो' म्हणाले. माणूस नाही म्हणाला तर पुढे बोलता येतं, हो म्हणणाऱ्याशी काय बोलणार?"

दोन दिवसांनी कॉम्प्युटरने आमच्या गच्चीचा आराखडा पाठवला. आराखडा तोच काढतो, माणूस लागत नाही. बघतो तर काय, सगळ्या गच्चीवर पॅनेलं, ओळीत, सुरेख, आणि मधोमध भोक. चार पॅनेलांची जागा सोडलेली. खाली टीप. मला पाठ आहे ती. 'कायमस्वरूपी बांधकाम. उंची एक मीटर वीस सेंटिमीटर. हालचाल: नाही.'

बायकोला दाखवलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "हालचाल नाही हे खरंय हो." मग भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर आराखडा. "हे काय आहे?" म्हटलं, "वडील आहेत." "कुठे?" मी बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "हे बांधकाम आहे असं लिहिलंय." म्हटलं, "हो, कॉम्प्युटरला तसं वाटलं." साहेब माणूस वाईट नाहीत, पण नकाशा त्यांच्या मागेच होता. म्हणाले, "हे बघा, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण चार पॅनेलं कमी? आपल्याच माणसाच्या घरी? उद्या प्रत्येक जण आपापले वडील दाखवेल. दहा मिनिटं त्यांना खाली आणा, नवा फोटो काढा, अडथळा हटवा. काय अवघड आहे?"

काहीच अवघड नाही. फोटोसुद्धा लागत नाही खरं तर. स्क्रीनवर एक लाल बटण असतं, 'अडथळा हटवा'. ते दाबलं की विचारतं, 'तुम्हाला खात्री आहे का?' मग 'हो' दाबायचं. झालं. अकरा वर्षांत मी ते किती वेळा दाबलं असेल याची गणती नाही. ट्रम्पेट हटवला, खडूची गणितं हटवली, नवराबायको दोघंही हटवले. आपल्याच ऑफिसातली केस, म्हणून साहेबांनी बटण दाबायचं कामही मलाच दिलं. मी तिथल्या तिथे मोबाइल काढला. बोट बटणावर गेलं. त्याने विचारलं, 'तुम्हाला खात्री आहे का?'

आता रोज विचारतं हो ते. पण त्या दिवशी मला वाटलं, हे मला विचारतंय. मी म्हटलं, साहेब, घरी जाऊन दाबतो, इथे नेटवर्क नाही. नेटवर्क पूर्ण होतं. साहेबांनी बघितलंही असेल.

घरी आलो तो तडक वर. अकरा वर्षं लोकांचे जिने चढतोय, पण स्वतःच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बाबा बसले होते. म्हटलं, "बाबा, इथे पॅनेलं येणार आहेत. सगळीकडे. तुम्ही खाली बसलात तर चालेल का? खिडकीपाशी खुर्ची ठेवतो, तिथेही ऊन येतं." ते म्हणाले, "हो." मी मिलिमीटर नाही, मला माहीत होतं, हे 'हो' म्हणजे काय. मी तिथेच उभा राहिलो. मग पहिल्यांदाच विचारलं, नीट विचारलं, "पण तुम्ही इथे का बसता?"

मला वाटलं, आता पुन्हा 'बसतो' म्हणतील. मग म्हणाले, "तुझ्या आईचे गुडघे."

"काय झालं गुडघ्यांना?"

"ती कधी वर आलीच नाही. हे घर घेतल्यापासून एकदाही नाही. जिना चढवायचा नाही तिला." आणि मग अगदी साधं, कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं त्यांनी. "खाली कुठेही बघितलं की ती नाहीये. ओट्यापाशी नाहीये. खिडकीपाशी नाहीये. तुम्ही सगळे असता, पण ती नाहीये. इथे तसं होत नाही. इथे ती नव्हतीच. इथे बसलं की वाटतं, ती खाली आहे."

तुम्हाला सांगतो, मी काही रडलो वगैरे नाही. मला आपलं वाटलं की छाती कुणीतरी पान्याने आवळतंय. आई गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि खरं सांगू का, बरं वाटलं. दाढेचं इंजेक्शन उतरायला लागलं की असंच होतं, आधी मुंग्या येतात. मी बाबांना म्हटलं, "बसा तुम्ही." ते म्हणाले, "हो." हे हो वेगळं होतं.

बटण दाबलं नाही. उलट कॉम्प्युटरची टीप मान्य केली. त्यावर त्याने आणखी एक रकाना उघडला, 'बांधकामाचा प्रकार'. पर्याय: वीट, काँक्रीट, पत्रा, लाकूड, इतर. मी लिहिलं, इतर. मग विचारलं, 'बांधकामाचं वय'. म्हटलं, एकोणऐंशी वर्षं. त्यावर लाल अक्षरांत सूचना आली की बांधकाम जुनं असून मजबुतीची तपासणी करून घ्यावी. मी ती सूचना बायकोला दाखवली, तिने बाबांना रक्त तपासायला नेलं. साखर थोडी वाढलेली निघाली. म्हणजे कॉम्प्युटर अगदीच वेडा नाही.

साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेजारचा जिल्हा हिरवा झाला." मी म्हटलं, "हो साहेब." बाबांकडून शिकलोय.

पॅनेलं बसली. बाबांची जागा मधोमध, आजूबाजूला निळी काच, खुर्चीपर्यंत जायला बोळकांडी. मला वाटलं, झालं, आपण आयुष्यात एक काम धड केलं. आणि थंडीचे दिवस सुरू झाले, ऊन कललं, आणि पुढच्या रांगेची उंच पाठ बरोबर बाबांवर सावली टाकायला लागली. आता बोला. अकरा वर्षं मी पॅनेलवर कुणाची सावली पडत नाही ना हे बघतोय. पॅनेलची सावली कुणावर पडते हे कधी बघितलंच नाही, कारण... हो, बरोबर ओळखलंत, रकाना नाही.

बाबांनी तक्रार केली नाही. त्यांनी खुर्ची उचलली आणि तीन पावलं मागे नेली, उन्हात. ते उन्हात आले, आणि त्यांची सावली गेली मागच्या सहा नंबरच्या पॅनेलवर. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, सव्वानऊ वाजलेत, आणि मोबाइल वाजला. 'पॅनेल क्रमांक सहावर सावली. अडथळा आढळला आहे.' हल्ली प्रत्येक पॅनेल थेट निरीक्षकाला मेसेज करतं. मी वाचला. खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सव्वानऊ, पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रविवारीसुद्धा.

मिलिमीटर म्हणाला, "अरे, हा मेसेज बंद करता येतो." म्हटलं, असू दे. त्याला काय सांगणार? मला सकाळी सव्वानऊला कळतं की बाबा उठले, चहा झाला, बावीस पायऱ्या चढले, बसले. घरी फोन केला असता तर काय कळलं असतं? "बाबा, बरे आहात का?" "हो." त्यापेक्षा सहा नंबरचं पॅनेल जास्त सांगतं. ऑफिसात मी एरवी सारखं घड्याळ बघणारा माणूस नाही, पण नऊ वाजले की हात आपोआप खिशाशी जायला लागला.

गेल्या मंगळवारी सव्वानऊ झाले, मेसेज नाही. साडेनऊ, नाही. म्हटलं, चहाला उशीर झाला असेल. पावणेदहा. मी बायकोला फोन लावला, तिने उचलला नाही. बाबांना लावला, त्यांचा फोन कपाटात असतो हे मला माहीत असून लावला. दहा वाजले. साहेब नकाशासमोर काहीतरी सांगत होते, आमचा जिल्हा हिरवा व्हायला किती गच्च्या कमी आहेत वगैरे, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या बावीस पायऱ्या. सातवी जरा उखडलेली आहे, मला ती दुरुस्त करायची होती, तीन वर्षं करायची होती. मी उठलो. साहेब म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "अडथळा." आणि निघालो. बॅग तिथेच, डबा तिथेच. स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. सिग्नल लाल होता की हिरवा, देव जाणे. एवढंच आठवतं, की मला भीती वाटत होती. तुम्हाला सांगतो, आईच्या वेळी जे काही वाटायचं राहिलं होतं ना, ते सगळं एकदम त्या चार किलोमीटरमध्ये वाटलं. हेल्मेटच्या आत रडलो मी. काच धूसर झाली, ती पुसता येईना.

जिना चढलो, सातवी पायरी ओलांडली, वर आलो. बाबा बसले होते. तीच खुर्ची, तोच हात मांडीवर. मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "का रे, लवकर आलास?"

मी मोबाइल दाखवला, म्हटलं, "मेसेज... आला नाही... सावलीचा."

बाबांनी बोट वर केलं. मी वर बघितलं. आभाळ भरलेलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग. अकरा वर्षं उन्हाची नोकरी करणारा माणूस मी, आणि घरापासून ऑफिसपर्यंत, ऑफिसपासून घरापर्यंत, एकदाही वर बघितलं नव्हतं. ऊनच नाही तर सावली कुठून पडणार?

बाबांच्या शेजारी तिथेच जमिनीवर बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं असावं. हेल्मेट अजून माझ्या डोक्यावरच होतं, ते त्यांनी काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "बस जरा." खालून भांड्यांचा आवाज आला. आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही की कुणाचा. बायकोचाच होता, पण बसलो होतो आपले तसेच. कामावर परत जायला हवं होतं, सात गच्च्या बाकी होत्या. गेलो नाही.

तासाभराने ढग सरकले, ऊन आलं. चांगलं उबदार ऊन होतं. आणि खिशात मोबाइल वाजला. 'पॅनेल क्रमांक सहा आणि सातवर सावली. अडथळ्याचा आकार वाढला आहे. कर्मचारी तातडीने जागेवर पाठवावा.' आता आमच्या भागाला कर्मचारी एकच, तो मी. मी आपलं उत्तर टाकलं, कर्मचारी जागेवर पोचला आहे, वेळ लागेल.